समोरच्याची वही

मार्च महिना सांगली-साताऱ्याच्या व्यापाऱ्याला दोन्हीकडून धरतो. नवी हळद बाजारात उतरलेली असते, मार्केट यार्डात सौदे चालू असतात आणि त्याच वेळी आर्थिक वर्षही संपत आलेलं असतं. व्हाउचरांचा ढीग वाढलेला, कॉम्प्युटरवर बसणारी मुलं थकलेली, आणि ऊन वाढलं तशी वीजही बेभरवशाची. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बिघडल्याचे फोन मला सर्वांत जास्त येतात ते या दिवसांत. पलीकडचा माणूस हळू आवाजात बोलतो. पैसे चोरीला गेले असते तर तो मोठ्यानं बोलला असता. इथं नेमकं काय गेलंय हे त्यालाच अजून कळलेलं नसतं. "मॅडम, कंपनी उघडत नाहीये," एवढंच तो सांगतो.

मी साताऱ्यात राहते. बी.कॉम. करता करता टॅलीचा कोर्स केला, मग दुकानांचे हिशेब लिहिण्याचं काम धरलं, आणि कधीतरी लोक बिघडलेला डेटा घेऊन माझ्याकडे यायला लागले. साताऱ्याची एमआयडीसी, कराड, पेठ नाक्यावरून आत वळून आष्टा, पुढे सांगली, मिरज, कुपवाड असा माझ्या कामाचा पट्टा आहे. या पट्ट्यात साखर आहे, हळद आहे, बेदाणा आहे, लहानमोठे यंत्रकारखाने आहेत. प्रत्येकाचा माल वेगळा, पण रोजचा व्यवहार बहुतेक सगळ्यांनी एकाच ठिकाणी ठेवलेला, टॅलीत. बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी हवा तसा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी तो भरत या आपल्या मुलाकडून लिहून घेतला. बापलेकांनी १९८६ साली त्याचा व्यवसाय सुरू केला, भरत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. बापाच्या धंद्याची अडचण मुलानं सोडवली यातूनच हे सॉफ्टवेअर निघालं, आणि म्हणूनच, असं मला वाटतं, ते आपल्याकडच्या पेढ्यांवर इतक्या सहज रुजलं. पेढीवरही हिशेब आधी घरातलाच माणूस लिहीत असे.

टॅलीत जिला कंपनी म्हणतात ते डिस्कवरचं एक फोल्डर असतं. त्याचं नाव म्हणजे नुसता आकडा, १०००० किंवा १००००१ असा. आत मोजक्या फाइली. एकीत खात्यांची, मालाची, पार्ट्यांची नावं, दुसरीत व्हाउचर, आणखी एकीत त्यांच्या बेरजा. आधीच्या ईआरपी नाइनमध्ये या फाइलींच्या नावाशेवटी ९०० असे, हल्लीच्या टॅली प्राइममध्ये १८०० असतं. एका घराण्याचा अनेक वर्षांचा व्यवहार यात मावतो आणि तरी त्याला एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागा लागते. एक व्हाउचर तुम्ही मान्य करता तेव्हा ते एकाच जागी लिहिलं जात नाही, दोन-तीन फाइलींत त्याची नोंद व्हावी लागते. नेमकी तेव्हा वीज गेली, किंवा आतल्या खोलीतल्या मुख्य मशीनकडे जाणारी केबल कुणाच्या तरी पायात अडकून निघाली, की एका फाइलीत व्यवहार झालेला असतो आणि दुसरीत झालेला नसतो. पुढच्या खेपेला त्यांचं आपसांत पटत नाही. बिघाड बहुधा एवढाच. कधी डिस्कच म्हातारी झालेली असते, कधी पेन ड्राइव्हवरच थेट काम चाललेलं असतं, कधी अँटिव्हायरस एखादी फाइल उचलून बाजूला टाकतो. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे व्हायरसही आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. त्यावर माझ्याकडे इलाज नाही, जुनी प्रत शोधणं एवढाच.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं मला आठवतात. तासन् तास वीज नसायची, यूपीएसच्या बॅटऱ्या पुऱ्या चार्ज होण्याआधी पुन्हा रिकाम्या व्हायच्या. हे सांगायचं कारण, त्या वर्षांतच या भागातल्या पेढ्या वहीवरून कॉम्प्युटरवर आल्या. अनेकांनी वही लिहिणं बंद केलं आणि वीज जाणं चालूच होतं.

दुरुस्तीची पहिली वाट टॅलीतच दिलेली आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि आर ही तीन बटणं एकदम दाबली की सॉफ्टवेअर सगळा डेटा पहिल्यापासून वाचून नव्यानं लिहायला घेतं. याला सगळे रीराइट म्हणतात. बरेचदा एवढ्यावर काम भागतं. पण रीराइटमध्ये जे वाचता येतं तेच पुढे जातं. जे वाचता येत नाही ते व्हाउचर गळतं. म्हणून आधी फोल्डरची प्रत काढायची आणि जे काय करायचं ते प्रतीवर करायचं, हे मी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगते. तोवर बहुतेकांनी मूळ डेटावरच तीन-चारदा ती बटणं दाबलेली असतात. घाबरलेल्या माणसाला थांब म्हणणं सोपं नसतं.

कंपनी उघडली की मालकाचा जीव भांड्यात पडतो. माझं खरं काम तिथून पुढे असतं. जुन्या आवृत्त्यांत क्रमांक आपोआप पडत असतील तर गळालेल्या व्हाउचरची जागा पुढचं व्हाउचर घेतं, त्यामुळे मध्ये खिंडार दिसत नाही. ताळेबंद तर जुळलेलाच दिसतो, कारण व्हाउचर गळतं ते नावे आणि जमा दोन्ही बाजू घेऊन. एक बाजू गेली असती तर फरक तरी दिसला असता. पूर्ण गेलेला व्यवहार मागे खूण ठेवत नाही. एखादं खातंच आरंभीच्या शिलकेसकट गळालं तर तेवढ्या फरकाची ओळ ताळेबंदावर येते आणि काम सोपं होतं. नाहीतर गळालेलं ओळखायला बाहेरचा साक्षीदार लागतो. बँकेचं स्टेटमेंट, चेकबुकाच्या थोटकांवरची नोंद, वाहतूकदाराची बिल्टी, समोरच्या पार्टीचा खातेउतारा.

हे मला कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. ते मी साताऱ्याच्या जुन्या पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात शिकले. तिथले दिवाणजी तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते. दिवसभराचं सगळं कच्च्या वहीत, संध्याकाळी त्यावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून सवडीनं खतावणी, असा त्यांचा क्रम. गल्ल्यातली रोकड आणि कीर्दीतली शिल्लक जुळल्याशिवाय ते उठत नसत, मग दिवेलागण होवो की दुकानाचं शटर अर्धं खाली येवो. मी कॉम्प्युटर घेऊन आले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. फक्त विचारलं, "पोरी, हे जळालं तर?" मी म्हटलं, "काका, वही पण जळतेच की." त्यावर ते म्हणाले, "आपली वही जळाली तरी हिशेब जळत नाही. तो समोरच्याच्या वहीत असतो. मात्र त्याला वही पाहिजे."

शेवटचं वाक्य त्या वेळी मी नीट ऐकलंच नव्हतं.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. पाश्चात्त्य हिशेबशास्त्राची ती पहिली छापील मांडणी मानतात. त्यातही तीन वह्या आहेत, आणि पहिली कच्ची. घरात जो कोणी हजर असेल त्यानं व्यवहार होताक्षणी तिच्यात टिपून ठेवायचा. व्हेनिसचा व्यापारी आणि साताऱ्याचे दिवाणजी यांच्या कामात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही धरून ठेवलेली गोष्ट एकच, प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात. पुस्तकात आपण ती दोन्ही टोकं आपल्याच वहीत लिहितो. बाजारात मात्र दुसरं टोक दुसऱ्या माणसाच्या हातात असतं.

ते किती खरं आहे हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीनं दाखवलं. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. सांगलीकरांच्या डोक्यात २००५ च्या पुराची खूण पक्की होती. भिंतीवर ती दाखवून सांगणारी माणसं गल्लोगल्ली होती. तेव्हा पाणी इथवर आलं होतं, म्हणून माल आणि मशीन त्याच्या वर ठेवलेलं. या खेपेला पाणी त्या खुणेच्याही वर चढलं आणि दिवसेंदिवस उतरेना. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर मी पेठेत गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना भिजलेल्या पोत्यांचे ढीग होते. मिरची, हळद, डाळ, साखर यांचा मिळून एक आंबट वास गल्लीभर भरून होता, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर वह्या उलगडून वाळत घातल्या होत्या. काही शाईच्या वह्या वाचता येत होत्या. बॉलपेनच्या तर बऱ्याच.

ज्या पेढीसाठी मी गेले होते ती हळद-मिरचीची. माडीवर चढवलेला माल वाचला होता. कॉम्प्युटर खालीच राहिला होता, आणि कुणीतरी भल्या हेतूनं डबा उघडून तो उन्हात ठेवला होता. पुरात भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघायची नसते आणि घरच्या घरी वाळवायचीही नसते, कारण आतल्या तबकड्यांवर गाळ वाळून बसला की वाचण्याची आशा कमी होते. ओलसर असतानाच नीट बांधून जाणकारांकडे न्यायची. आम्ही ती पुण्याला धाडली, परत काय येईल याचा भरवसा न धरता.

पेढीच्या सीएकडे ३१ मार्चपर्यंतचा डेटा होता. ऑडिटसाठी त्यांनी प्रत नेलेली. म्हणजे एप्रिलपासून पुराच्या दिवसापर्यंतचं सगळं गेलेलं. हळदीच्या पेढीला हेच महिने भरीचे. आणि थांबायला कोणी तयार नव्हतं. पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलैच्या जीएसटी विवरणपत्रासाठी २० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली, तेवढा श्वास घेता आला. पण बँकेला कॅश क्रेडिटसाठी दरमहा स्टॉक स्टेटमेंट लागतं, आणि विम्याचा सर्व्हेअर विचारत होता की पूर आला त्या दिवशी गोदामात किती माल होता. किती भिजला हे समोर दिसत होतं, पण होता किती, याचा पुरावा माल भिजला त्याच पाण्यात भिजला होता.

शेठ खुर्चीवर बसून होते. शेजारी त्यांचे दिवाणजी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. शेठ मला म्हणाले, "मॅडम, सुरुवात कुठून करायची?"

मी म्हटलं, "ज्यांच्याशी व्यवहार केला त्यांच्यापासून."

बँकेच्या स्टेटमेंटवरून चेक आणि ऑनलाइन रकमा आल्या. एप्रिल ते जूनची विक्रीची विवरणपत्रं जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली होती, त्यातून बिलांचे आकडे मिळाले. नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडून केलेली खरेदी त्यांच्या विवरणपत्रांतून आमच्या बाजूला दिसत होती. ई-वे बिलांतून कुठल्या गाडीनं कुठला माल कुठे गेला ते कळलं. बाजार समितीकडे सौद्यांची आणि सेसची नोंद होती. मग आम्ही पार्ट्यांना निरोप धाडायला सुरुवात केली. आमच्या नावाचा खातेउतारा पाठवा, पुरात हिशेब गेला आहे.

हा निरोप धाडताना शेठ अस्वस्थ होते, आणि ते मला समजत होतं. आपल्याकडे हिशेब नाही हे देणेकऱ्याला सांगायचं म्हणजे त्याच्या हातात दोरी देणं. पण उतारे येऊ लागले. साताऱ्याच्या एका किराणा घाऊक व्यापाऱ्याचा उतारा पहिल्या दिवशीच आला, स्वच्छ, तारीखवार, आणि खाली निघत असलेली बाकी शेठना आठवत होती त्यापेक्षा जास्त. शेठनी दोनदा वाचला. त्या माणसानं फोनवर सांगितलं की जुलैत हातोहात नेलेल्या मालाचं बिल यायचं होतं, ते त्यांनी आपल्या बाजूनं अंदाजानं धरून ठेवलं होतं. राजकोटच्या एका पेढीनं गुजरातीतला उतारा पाठवला, आकडे तेवढे आम्ही लावून घेतले. काहींनी दिवस लावले. एका पार्टीनं शेवटपर्यंत फोन उचलला नाही. पण एकूणात पाहिलं तर चार महिन्यांचा हिशेब परक्या माणसांच्या कॉम्प्युटरांत जवळजवळ पूर्ण शाबूत होता. त्यांच्या नावे बाजूला आमची जमा, त्यांच्या जमेला आमची नावे. एकेक उतारा लावत गेले तसतशी आमची खतावणी भरत गेली. आपला म्हणून आपण जो हिशेब कुलपात ठेवतो, तो किती जणांनी मिळून सांभाळलेला असतो हे मी इतकं उघडं तोवर पाहिलं नव्हतं.

इतिहासाचे अभ्यासक हेच काम शतकांच्या अंतरावरून करतात. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातल्या रोजनिश्यांमधून निवडलेले उतारे सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीच्या खंडांत छापले गेले, त्यांतला पहिला शाहू छत्रपतींच्या काळाचा. त्यांत नेमणुका आहेत, देणग्या आहेत, माफी दिलेला सारा आहे, वाटखर्च आहे. राज्यकारभार म्हणून आज आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं कुणीतरी त्या त्या दिवशी खर्च लिहिताना टिपलेलं आहे. वतनाच्या एखाद्या वादात घरातला कागद गेला तर सरकारी दफ्तरातली नोंद कामी यायची, आणि दफ्तरातली सापडली नाही तर घरातला कागद. साताऱ्यात वाढलेल्या मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण ते गणपती पेठेतल्या चिखलात उभं राहिल्यावर उपयोगी पडलं.

आता साताऱ्याच्या दिवाणजींच्या त्या वाक्याकडे येते, मी नीट न ऐकलेल्या. त्याला वही पाहिजे.

व्यापाऱ्याला वही होती. बँकेला, सरकारला, वाहतूकदाराला होती. शेतकऱ्याला नव्हती. शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणी नसते, त्यामुळे त्याच्याकडून घेतलेल्या हळदीचा पोर्टलवर मागमूस नाही. त्याच्या हातात असते ती सौद्यानंतरची हिशेबपट्टी. वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. बरेच शेतकरी सगळी रक्कम एकदम उचलत नाहीत. लग्न आहे, बोअर मारायचं आहे, तेव्हा लागेल तसं नेऊ, असं म्हणून काही पैसे पेढीवरच राहू देतात. मधे हजार-दोन हजार उचलतात. बाकी किती, हे कॉम्प्युटरात होतं, आणि दिवाणजींच्या डोक्यात. हे शेतकरी वाळवा, मिरज, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी, चिकोडी इथले. नदीकाठच्या गावांतल्या घरांतही तोच पूर शिरला होता. पट्ट्या तिथेही भिजल्या होत्या.

आणि हमाल. हमालांच्या मजुरीचा हिशेब कायद्यानं बाहेर ठेवलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानं व्यापाऱ्यानं मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळानं ती कामगाराला द्यायची अशी व्यवस्था केली. ज्यांच्या लढ्यातून हा कायदा आला ते अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातले, मुंबईत स्वतः ओझी वाहिलेले. त्या कायद्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण हिशेबनिसाच्या नजरेनं मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. ज्याला वही नाही त्याच्यासाठी तिसऱ्याच कुणीतरी वही लिहायची ही सोय त्या कायद्यानं केली. पेढीच्या पुरात मंडळाची नोंद वाहून जात नाही. हमालांनी पेढीवर खासगीत ठेवलेले पैसे आणि खासगीत घेतलेली उचल मात्र मंडळाच्या वहीत नसते.

या माणसांची खाती आमच्याकडे सर्वांत शेवटी आली होती. उतारे मागवताना ज्यांच्याकडून उतारा येऊ शकतो त्यांच्याकडे आम्ही वळलो, हे साहजिक होतं. पण त्यामुळे ज्यांचा हिशेब फक्त आमच्याच वहीत होता, तेच मागे राहिले. त्या पेढीपासून मी क्रम उलटा केला. आता कुठेही डेटा गेला की आधी कागद घेऊन बसायचं आणि जुन्या माणसाला विचारायचं, ज्यांच्याकडे काही लिहिलेलं नसेल असे कोण कोण? आठवण ताजी असते तोवर ती नावं उतरवायची. बँक महिन्यानंही स्टेटमेंट देईल. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.

दिवाणजी गावावार बोलत गेले आणि मी लिहीत गेले. "ताई, हा मिरजेकडचा. तीन लॉट राजापुरी हळद. एकदा स्वतः आला, एकदा मुलाला धाडला." मध्येच ते हरिपूरच्या पेवांवर घसरायचे. कृष्णाकाठच्या जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांमध्ये सांगलीची हळद वर्षानुवर्षं राहायची, २००५ च्या पुरानं त्यांत पाणी शिरलं आणि मग तो साठा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हाही नावं अशीच बसून काढली होती म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही, कारण पेवांच्या गोष्टीतूनच एखादं विसरलेलं नाव वर यायचं. शेठही ऐकत होते. कुणाच्या रकमेबद्दल दोघांचं एकमत झालं नाही की शेठ मोठा आकडा लिहायला सांगायचे. "त्याला परत मागायला यायला लाज वाटली तर?" असं एकदा म्हणाले. मी पुष्कळ पेढ्या पाहिल्या आहेत. सगळीकडे असं होत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

पुण्याहून डिस्कमधलं जे निघालं ते बऱ्याच दिवसांनी आलं. फोल्डर अर्धवट होतं. व्हाउचरांची फाइल मध्येच तुटलेली. तिची प्रत काढून रीराइट केलं तर जूनच्या मध्यापर्यंतचा डेटा उभा राहिला. तो एक्सएमएलमध्ये काढून वेगळ्या कंपनीत घातला, आधी खाती, मग व्हाउचर. जे आत गेलं नाही त्याची यादी टॅली स्वतःच एका फाइलीत लिहून ठेवतं, ती ओळीओळीनं तपासली. मग आम्ही दोन हिशेब शेजारी मांडले. एक लोकांकडून गोळा केलेला, एक डिस्कमधून आलेला. रकमा बहुतेक जुळल्या. डिस्कनं जास्तीचं दिलं ते वेगळंच होतं. प्रत्येक व्हाउचरखाली नॅरेशन लिहायची एक ओळ असते. समोरच्याच्या उताऱ्यात ती येत नाही. पैसे दिले हे त्याच्याकडे असतं, का दिले हे आपल्याकडे. दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटरवरचा मुलगा ती ओळ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी. दवाखाना, सिव्हिल. बैल घेतला. भावाच्या हाती दिले, सही नाही. वाचताना मला थांबावं लागलं. एका बाजारानं चार महिने एकमेकांना कशासाठी पैसे दिले याची ती बखरच होती, आणि ती फक्त त्या एका डिस्कवर होती. जूनच्या मध्यानंतरच्या रकमा आम्हाला मिळाल्या, कारणं मिळाली नाहीत. ती आता कुठेच नाहीत.

त्यामुळे नॅरेशन रिकामं सोडणाऱ्या मुलांशी मी वाद घालते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक झालं, कुणी कधी काय बदललं ते आता पुसता येत नाही. मालकीच्या पेढ्यांना तो नियम लागू नाही, तरी मी असा माग ठेवणारी आवृत्ती सुचवते. पण माग राहतो तो लिहिलेल्याचा. जे कधी लिहिलंच नाही त्याचा माग सॉफ्टवेअरला ठेवता येत नाही.

सगळं लावून झाल्यावरही एक रक्कम उरली. रोकड गेली होती हे नक्की, कुणाला गेली ते लागेना. उलट्या बाजूला काही रकमा अशा होत्या की त्या देणं आहेत हे दिवाणजी शपथेवर सांगत होते, पण नाव पूर्ण नव्हतं. "अथणीकडचा, उंच, कानात बाळी." अशा रकमा उचंत खात्यात टाकतात, नाव सापडेपर्यंत. सीएंनी सुचवलं की देण्याची बाजू काही वर्षांनी उत्पन्नात वळती करून खातं मिटवून टाकावं, हिशेबाच्या दृष्टीनं त्यात चूक नाही. शेठ तयार होते. दिवाणजींनी मान हलवली नाही. "तो येईल की," एवढंच म्हणाले.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेलं. तोवर पेढीचा कॉम्प्युटर माडीवर गेला होता, रोजचा बॅकअप दोन ठिकाणी जात होता, आणि शेतकऱ्यांच्या नि हमालांच्या बाक्यांची छापील यादी दर महिन्याला निघत होती. एक प्रत पेढीवर, एक शेठच्या मिरजेच्या बहिणीकडे, आणि ज्याची त्याची बाकी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. त्या यादीच्या तळाशी उचंत खातंही छापलं जातं. त्यातून आतापर्यंत दोघांचे पैसे दिले गेले आहेत. एकाकडे भिजून कडक झालेली पट्टी होती, दुसऱ्याकडे काहीच नव्हतं, दिवाणजींनी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं. उरलेली रक्कम या ३१ मार्चलाही पुढे ओढली.